सातवं पान

आमच्या मिसळीच्या फ्रँचायझीचा करार माझ्या दुकानात, समोरासमोर बसूनच व्हायला हवा, हा माझा हट्ट होता. समोरचा रत्नागिरीचा असो की नागपूरचा, त्यानं पुण्याला यायचं, आधी मिसळ खायची आणि मग स्टॅम्प पेपरला जोडलेल्या बावीस पानांवर दोघांनी सह्या करायच्या. प्रती दोन, म्हणजे पानं चव्वेचाळीस. ‘तुम्ही तिथं तुमच्या प्रतीवर करा, मी इथं माझ्या प्रतीवर करतो,’ असं कुणी सुचवलं की मला ते अंतरपाट न काढताच उरकलेल्या लग्नासारखं वाटायचं. मोबाइलवरच्या सहीचं तर नावच नको.

हा हट्ट मोडला तो माझ्याच सहीनं.

एका फ्रँचायझीवाल्याची रॉयल्टी दर महिन्याला कमी यायला लागली. मी फोनवर तणतणलो. तो शांतपणे आपली प्रत घेऊन आला. माझ्या प्रतीत सातव्या पानावर विक्रीचे पाच टक्के, त्याच्या प्रतीत चार. दोन्हींखाली माझी सही, त्याच निळ्या पेनाची, तशीच घाईची. घासाघीस चालू असतानाची एक जुनी प्रिंट कुठल्या तरी गठ्ठ्यात राहून गेली होती. कुठल्या, ते त्याला आठवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही. गप्पा मारत चव्वेचाळीस सह्या ठोकल्या होत्या. वाचलं कुणीच नव्हतं. शेवटी साडेचारवर मिटवलं.

वकीलबाईंनी मला 1872च्या, 2024पर्यंत लागू असलेल्या पुराव्याच्या कायद्यातलं 62वं कलम दाखवलं. पक्षांनी वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या, तर ज्याची सही ज्या प्रतीवर, त्याच्याविरुद्ध ती प्रत अस्सल पुरावा. म्हणजे मी ज्याला आजकालची थेरं म्हणत होतो, ती माझ्या पणजोबांच्या काळातली. फक्त प्रती शब्दशः एक हव्यात, बाई म्हणाल्या. आणि नेमके तिथंच आम्ही मांडीला मांडी लावून नापास झालो होतो.

ई-सहीकडे मग मी जरा नरमाईनं पाहिलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 10अ कलम सांगतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार बाद होत नाही. फाइल एकच; सही झाल्यावर पाचाचे चार केले, तर तपासताना ते उघडं पडतं. (सहीचा फोटो पीडीएफवर चिकटवणं म्हणजे ही सही नव्हे. मी बरेच दिवस तेच समजत होतो.) स्टॅम्पचा खर्च वाचेल म्हणून खूश झालो, तर तेही नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याला इलेक्ट्रॉनिक दस्तही दस्तच, आणि शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर 2024पासून पाचशेचा झालाय.

पहिला ई-करार नागपूरच्या एका गृहस्थांशी केला. नोंदीत दिसलं, फाइल उघडली 9.14ला आणि आधारच्या ओटीपीनं सही झाली 9.15ला. बावीस पानं, एका मिनिटात! मी फोन लावला.

“अहो, वाचलंत का?”

“वाचायचं काय भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे. ओटीपी तर पोरानंच टाकला.”

सही नव्यानं घ्यावी लागणार होतीच. पण त्याआधी मी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि फोनवरच सातवं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.