आधी बूड बघा

भांड्याच्या बुडावर ‘३०४’ हा आकडा उठवायला एक ठसा आणि एक हातोडा पुरतो. आत तोच धातू असतो असं नाही. धातुशास्त्राची पदवी घेऊनही हे मला कळलं नव्हतं. त्यासाठी सदर बाजारातल्या डेप्युटीगंजला जावं लागलं.

नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, शिकून मी लग्नानंतर फरिदाबादला आले आणि पुढची सव्वीस वर्षं एका तपासणी प्रयोगशाळेत काढली. दिवसभर कारखान्यांचे पत्रे, बोल्ट, ओतीव भाग तपासायचे आणि संध्याकाळी घरी स्टीलच्या पातेल्याला लागलेलं दूध खरवडायचं. दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे, हे बरीच वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं ते भाचीमुळे. तिनं नॉयडात फ्लॅट घेतला आणि म्हणाली, “मावशी, तू धातूतली ना? मग भांडी तूच निवडून दे.”

डेप्युटीगंज म्हणजे दिल्लीचा भांड्यांचा घाऊक बाजार. अरुंद गल्ल्या, डोक्यावर परातींच्या उतरंडी घेऊन धावणारे हमाल, आणि धनत्रयोदशीच्या आधीचे आठ दिवस पाय ठेवायला जागा नाही. दुकानदारानं पातेल्याला चुंबक लावून दाखवलं. “देख लीजिए मॅडमजी, चिपकता नहीं. असली माल है.” बुडावर ३०४ होतंच. मी मान डोलावली आणि पातेलं घेतलं. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून प्रयोगशाळेत नेलं, क्ष-किरणांचं हातयंत्र टेकवलं. ३०४ जातीच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. या पातेल्यात निकेल जेमतेम एक टक्का निघालं, आणि मँगनीज भरपूर.

चुंबकानं आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. चुंबकाला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. पोलादात निकेल घातलं की त्याची अंतर्रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग. त्याच्या जागी स्वस्त मँगनीज घातलं तरी रचना तशीच होते आणि चुंबक तेव्हाही चिकटत नाही. ही झाली २०० मालिकेची जात. उलट गंमत अशी, की अस्सल ३०४चं खोल पातेलं दाबयंत्रात ओढून काढताना पत्र्यावर ताण पडतो आणि कडेला चुंबक हलकासा ओढला जातो. म्हणजे चुंबकाच्या परीक्षेत खोटा पास होऊ शकतो आणि खरा नापास. भंगारवाले चुंबकावर थांबत नाहीत. त्यांच्याकडे एक रसायनाची बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी टेकवली की मँगनीजवाल्या पोलादावर तो लालसर होतो. ही बाटली आता कुणालाही विकत मिळते. दुकानात ती पर्समधून काढली की दुकानदाराचा चेहराही रंग बदलतो, हा अनुभव.

मग २०० मालिकेचं भांडं विषारी आहे का? नाही. डाळ-तांदळाचे डबे, ताटं, वाट्या त्यात खुशाल घ्या. पण रोज चिंचेची आमटी, टोमॅटो आणि मीठ ज्यात उकळायचं, ते पातेलं ३०४चंच हवं. दुसरं लवकर गंजतं, ठिपके धरतं. केंद्र सरकारनं २०२४ साली स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. स्टीलसाठी आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६० हे क्रमांक चिन्हाजवळ शोधा. प्रेशर कुकरला तो नियम २०२१पासूनच आहे, क्रमांक आयएस २३४७. मात्र आयएसआय म्हणजे ३०४ असा अर्थ काढू नका. जात वेगळी विचारायची आणि बिलावर लिहून घ्यायची. तोंडी ‘तीनसौचार’ म्हणणारा दुकानदार बिलावर लिहायची वेळ आली की पुष्कळदा विचारात पडतो.

ही भांडी बनतात कुठे, ते बघायला मी एकदा वझीरपूरला गेले. वायव्य दिल्लीतली ही औद्योगिक वसाहत स्टीलच्या पत्र्यावर जगते. भट्टीतून लालबुंद पट्टी निघते ते ‘गरम रोला’, गार पत्रा आणखी पातळ होतो ते ‘ठंडा रोला’. मधे तेजाबात धुणं, मग गोल चकत्या, मग दाबयंत्र, शेवटी पॉलिश. २०१४च्या जूनमध्ये इथल्या गरम रोल्याच्या कामगारांनी मोठा संप केला होता. ती आग आणि तो तेजाबाचा वास एकदा अनुभवला, की आरशासारखी चमक ही पातेल्याची गुणवत्ता नसून पॉलिशवाल्याच्या फुप्फुसांची किंमत आहे, हे कळतं. चमकेला पैसे देणं मी तेव्हापासून सोडलं.

पैसे द्यायचे ते जाडीला. बाजार जाडी ‘गेज’मध्ये मोजतो आणि हे माप उलटं चालतं, आकडा वाढला की पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास, १८ म्हणजे सव्वाच्या जवळ. पूर्वी आई-आजी भांडं किलोवर घ्यायच्या. आता नगावर घेतो आणि ‘तिथे दीडशेनं स्वस्त मिळालं’ म्हणून खूश होतो. ते दीडशे रुपये पत्र्यातून कापलेले असतात. दुकानात तराजू असतोच. एकाच मापाची दोन पातेली त्यावर ठेवा, जड ते उचला.

तरीही निव्वळ स्टील कितीही जाड घेतलं तरी दूध लागतंच. कारण स्टील उष्णतेच्या बाबतीत आळशी आहे. ॲल्युमिनियम त्याच्याहून साधारण पंधरा पट वेगानं उष्णता पुढे नेतं, तांबं पंचवीस पट. बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी लागते. स्टीलमध्ये उष्णता बाजूला सरकतच नाही, तिथल्या तिथे चढते. म्हणून पिठल्याची खरवड बुडाला बांगडीच्या आकारात धरते. विचार करा, पाऊण मिलिमीटर स्टीलच्या जागी तीन मिलिमीटर ॲल्युमिनियम घेतलं तर वाहकता पंधरा पट, जाडी चौपट, म्हणजे उष्णता बाजूला पसरवण्याची कुवत साठ पट. आपल्या आयांना हा गुणाकार येत नव्हता, पण बासुंदीला जाड बुडाचंच पातेलं लागतं हे त्यांना ठाऊक होतं.

स्टील आणि ॲल्युमिनियमचं भांडण मिटवलंय ते तीन थरांच्या भांड्यानं, ज्याला सगळे ट्रायप्लाय म्हणतात. आत ३०४, मधे ॲल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं ४३० जातीचं स्टील. म्हणून ते इंडक्शनवरही चालतं. यातही एक मेख आहे. थर काठापर्यंत असले पाहिजेत. नुसत्या बुडाला ॲल्युमिनियमची चकती डकवलेली भांडी स्वस्त मिळतात. पातेल्याला ती चालून जातात, पण कढईत चकतीच्या कडेपाशी मसाला करपतो. काठ बोटानं चाचपून बघा. तिथे तिन्ही थरांची जाडी लागते. एक चोवीस सेंटीमीटरची अशी कढई आणि एक जड पातेलं घेतलं, की दिल्लीच्या हिवाळ्यातल्या गाजर हलव्यापासून आपल्या भरल्या वांग्यांपर्यंत सगळं निभतं. बत्तीस नगांचा सेट घेऊ नका. त्यातले अठ्ठावीस माळ्यावर जातात आणि पुढे कुणाच्या तरी वास्तुशांतीला.

स्टीलला अन्न चिकटतं ही तक्रार मात्र भांड्याची नाही, घाईची आहे. रिकामी कढई मध्यम आचेवर तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून विरला तर अजून वेळ आहे. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळू लागला, की कढई दोनशे अंशांच्या आसपास आहे. आच कमी करा, तेल घाला, मग जिन्नस. माझ्या घरी यामुळे नॉनस्टिक फक्त धिरड्यांपुरतं उरलं. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे काही मिनिटांत पोचतो. त्याला मंद आच, लाकडी उलथनं आणि लेप निघू लागताच निरोप, एवढं पुरे.

बीड मला मनापासून आवडतं. बिडाचा तवा सावकाश तापतो, पण तापला की भाकरी टाकल्यावर गार पडत नाही. लोक त्याला घाबरतात ते गंजाच्या भीतीनं. विदर्भातली असल्यामुळे मी जवसाचं तेल वापरते. हे तेल वाळून कडक होतं. तैलरंगांत चित्रकार तेच घालतात. अगदी पातळ हात फिरवायचा, पुसून जवळजवळ काढून टाकायचा, धूर निघेस्तोवर तापवायचा, गार करायचा, पुन्हा. तीन-चार वेळा केलं की काळा, टणक थर बसतो. माझ्या पहिल्या तव्यावर मी तेल चांगलं ओतून ठेवलं होतं; तो दोन महिने गुळाच्या पाकासारखा चिकट राहिला. अभियंता असूनही.

ॲल्युमिनियमबद्दल घाबरवणारे निरोप रोज फिरतात. विस्मरणाचा आजार त्यानं होतो हे सिद्ध झालेलं नाही. आंबट पदार्थ त्यात शिजवू नका, ठेवू तर मुळीच नका, एवढी काळजी बस. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भंगार वितळवून ओतलेल्या कढया, ज्यांना आपण सरसकट हिंदालियम म्हणतो, त्यांत काय मिसळलंय ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं ॲल्युमिनियमच्या, हिंदालियमच्या आणि पितळेच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं, असा इशारा दिला. शिक्का नसलेली ओतीव कढई फूटपाथवरून घेऊ नका, मग ती कितीही गावरान दिसो.

आता पाण्याबद्दल. नॉयडा, गुरुग्राम, फरिदाबादला जिथे बोअरचं पाणी येतं तिथे भांडी राखणं म्हणजे निम्मं क्षारांशी भांडण. कुकरच्या तळाशी आपल्याकडे लिंबाची पिळलेली फोड टाकतात, ती रीत शास्त्रशुद्ध आहे. जड पाण्यात ॲल्युमिनियमवर काळपट थर चढतो आणि लिंबाचं आम्ल तो होऊ देत नाही. स्टीलवरचे पांढरे डाग घासणीनं घालवू नका. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून दहा मिनिटं उकळा. आणि मीठ पाणी उकळल्यावरच घाला. गार पाण्यात टाकलेला खडा तळाशी बसून राहतो आणि ३०४लासुद्धा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. ते कायमचे.

राहिलं पितळ. सासूबाईंचं मोठं पितळी पातेलं आमच्याकडे आहे, काठावर त्यांचं माहेरचं नाव घातलेलं. पितळ घडवण्याचं काम आमच्यापासून फार लांब होत नाही. रेवाडी त्यासाठीच ओळखली जाते, आणि पंजाबात जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची कला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ठोकून घडवलेलं असं भांडं उष्णता झकास पसरवतं. पण कल्हई नसेल तर ताक, आमटी, सगळं कळकतं. कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघतो, मग कथील टेकवून कापसानं फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही आणि त्यात काही तळायचं तर मुळीच नाही. कथील महाग झाल्यामुळे त्यात शिसं मिसळण्याचा मोह असतो, तोच खरा धोका.

आमच्या सेक्टरमध्ये सायकलवरून भाता घेऊन येणारा म्हातारा कल्हईवाला करोनानंतर दिसला नाही. त्याच्यानंतर आलेल्या एकाच्या कल्हईचा तुकडा मी प्रयोगशाळेत तपासला आणि पातेलं पुन्हा कापडात बांधून ठेवलं. दिल्ली, फरिदाबाद किंवा नॉयडा भागात शुद्ध कथील वापरणारा, खात्रीचा कल्हईवाला कुणाला ठाऊक असेल, तर अंकाच्या संपादकांकडे जरूर कळवा. भाड्याच्या रिक्षानं पातेलं घेऊन मी येईन.