मामाच्या होडीचा काठ

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला गेलं, की रस्त्याच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी! मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथेच माझ्या मामाचं घर आहे. यंदा मे महिन्यात मी गेलो खरा, पण जरा घाबरतच.

कारण मामाची लाकडी होडी! तिच्या वरच्या कडेला सागवानी काठ आहे. मागच्या वर्षी मी मोठ्या हौसेने त्याला पॉलिश मारून दिलं होतं. आपल्या घरातल्या कपाटाला मारतात ना, तेच लाखेचं. काठ आरशासारखा चमकला. सगळ्यांनी शाबासकी दिली.

यंदा पाहतो तर काय! काठावर पांढरे चट्टे, जागोजागी सुटलेले पापुद्रे आणि पुढच्या टोकाजवळ वीतभर लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. लाखेला पाणी सोसत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं.

"झिला, चमक बघून भुललंस!" मामा हसला. "पाणी नंतर. पयलो दुस्मान ऊन!"

मग त्याने समजावून सांगितलं. उन्हातले अतिनील किरण पारदर्शक थरातून आरपार जातात आणि लाकडाची वरची कातडीच खराब करतात. मग थराची पकड सुटते. शिवाय लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हात आक्रसतं. वरचा थर कडक असला, की तडकतो. फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकून राहतं. लाकूड कुजायला एवढं पुरे!

आम्ही मालवणच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन डबे काढले. एक फरशीच्या लाकडाला लावायचं व्हार्निश, खूप कडक आणि स्वस्त. दुसरं स्पार व्हार्निश, महाग आणि सुकायलाही वेळ घेणारं. मला कडकच बरं वाटलं.

"डोलकाठी वाऱ्यात वाकता मा?" मामाने विचारलं.

स्पार म्हणजे डोलकाठी आणि शिडाचे वासे. त्यांच्यासाठीच हे व्हार्निश निघालं. त्यात तेल जास्त असतं, म्हणून ते लवचीक राहतं. ऊन अडवणारी द्रव्यंही त्यात घातलेली असतात. आम्ही तोच डबा घेतला.

खरं काम पुढेच होतं, बरं का! मामाने कुजलेला तुकडा कापून नवा बसवला. मी जुनं पॉलिश खरवडलं, पॉलिशपेपर मारला. सागवान तेलकट असतं, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं. पहिला हात पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. मग रोज सकाळी दव सुकलं, की माडाच्या सावलीत एक हात. दुसऱ्या दिवशी हलकेच घासून पुढचा. असे सहा हात! लाकूड टोकांकडून जास्त पाणी पितं, म्हणून कापलेल्या टोकांना आणखी दोन.

शेवटचा हात सुकला आणि दोनच दिवसांत वळवाची सर आली. मी धावत गेलो. काठावर पाण्याचे गोल थेंब नुसते घरंगळत होते!

"आता दर वर्षी एक-दोन हात मारूक ये," मामा म्हणाला. "ऊन काय सुट्टी घेणा नाय."

तो काळा तुकडा मी घरी आणलाय. आमच्या कपाटावर ठेवलाय. कपाटाचं लाखेचं पॉलिश मात्र अजून झकास चमकतंय!