जिन्यावरची पाटी

लग्नाला सव्वीस वर्षे झाल्यावर आपल्याच नवऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाण्याचा योग फार थोड्या बायकांच्या पत्रिकेत असतो. माझ्या होता. आमच्या ह्यांना कंपनीने तीन वर्षांसाठी जर्मनीत, स्टुटगार्टला पाठविले. पुण्यात ऐंशी उलटलेल्या सासूबाई, माझी शाळेतली नोकरी आणि मुलाचे कॉलेजचे शेवटचे वर्ष. तेव्हा हे एकटेच गेले. दीड वर्ष आमचा संसार फोनच्या काचेवर चालला. मग मुलाची परीक्षा आटोपली, वन्संनी सासूबाईंना आपल्याकडे नेले आणि मी बिनपगारी रजा टाकून, नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन मे महिन्यात निघाले.

निघताना मनात एक गाठ होती. कंपनी ह्यांची मुदत आणखी तीन वर्षे वाढवायचे म्हणत होती आणि ऑगस्टच्या आत उत्तर द्यायचे होते. फोनवर हे एवढेच म्हणाले, "तू ये तर खरी, मग बघू."

स्टुटगार्ट हे १९६८ सालापासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर. पण बहिणीबहिणींचे तोंडवळे जुळतातच असे नाही. हिच्याजवळ समुद्र नाही. डोंगरांच्या वाटीत बसलेले हे शहर. भर वस्तीतल्या उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि चढावरच्या घरांकडे जायला जागोजाग दगडी पायऱ्यांच्या वाटा. त्यांना तिकडे 'श्टेफेले' म्हणतात आणि त्या चारशेहून अधिक आहेत. पर्वती चढून तयार झालेले माझे गुडघे तिथे उपयोगी पडले.

पहिल्याच सकाळी ह्यांनी चहा करून माझ्या हातात दिला आणि कप विसळून पालथा घातला. मी पाहतच राहिले. पुण्याला हे दिवाणखान्यात बसून "पाणी कुठे आहे गं?" असे विचारणारे गृहस्थ! शनिवारी तर कहरच झाला. आमच्या दाराला एक पाटी लटकत होती. ह्यांनी झाडू, बादली आणि फडके काढले आणि जिना झाडून, पायरीपायरीने पुसून काढला.

"हे काय?" मी विचारले.

"केअरवोखे. झाडण्याचा आठवडा. मजल्यावरच्या दोन घरांची आळीपाळीने पाळी असते. काम झालं की पाटी समोरच्यांच्या दाराला लावायची."

ही प्रथा पुरातन आहे. प्रत्येकाने दर आठवड्याला आपापली घाण गावाबाहेर नेऊन टाकावी, असा नियम या शहराने १४९२ सालीच केला होता. अंगणापुढचा रस्ता झाडण्याची सक्ती पालिकेने १९८८ साली उठवली, पण घरमालकांच्या भाडेकरारांतून जिन्याची पाळी काही गेली नाही. करारात नसती तरी लोकांनी ती सोडली असती, असे मला वाटत नाही.

आमची पाळी पुन्हा आली तेव्हा मी म्हटले, आता मी आहे ना. हे कामावर गेल्यावर मी पदर खोचला आणि आपल्या पद्धतीने दोन बादल्या पाणी वरच्या पायरीवरून सोडून दिले. जिना लाकडी आहे, हे पाणी खालच्या मजल्याच्या वाटेला लागल्यावर माझ्या लक्षात आले! समोरचे दार उघडले, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी बाहेर आल्या आणि त्यांनी 'अरे देवा' या अर्थाचे काहीतरी म्हटले. मला वाटले, आता चांगलीच हजेरी घेतली जाणार. आजी आत गेल्या आणि दोन जाडजूड टॉवेल घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी गुडघे टेकून तासभर जिना कोरडा करीत बसलो. आमची ओळख झाली ती अशी.

माझे मॅक्समुल्लर भवनातले सहा महिन्यांचे जर्मन आणि आजींचे शाळेतले इंग्रजी यांच्या जोरावर आमचे बरे जमले. आपल्यासारखेच त्यांच्याकडेही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे: 'डू' आणि 'झी'. पण हिशेब उलटा. नवराबायको, आईबाप, आजीआजोबा सारे 'तू'. 'तुम्ही' ते परक्याला. मी ह्यांना अहोजाहो करते हे कळल्यावर आजींनी गंभीरपणे विचारले, "तुमचं भांडण झालंय का?" पुढे एके दिवशी त्यांनी आपले पहिले नाव सांगून 'आता तू म्हण' असा मान मला दिला. तो मान वयाने मोठ्याने द्यायचा असतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला अगंतुगं करताना माझी जीभ मात्र शेवटपर्यंत अडखळली.

त्या मसुरांची आंबटसर उसळ करीत, व्हिनेगर घालून, आणि सोबत 'श्पेट्झ्ले' म्हणजे अंडे घातलेल्या शेवयांसारखा प्रकार. तिकडे त्यावर सॉसेज हवेच. माझ्यासाठी त्या ते वगळीत आणि दर वेळी "बिचारी!" अशा नजरेने माझ्याकडे पाहत.

हे सारे छान होते, पण माझ्या मनातली गाठ घट्ट होत चालली होती. ह्यांना भाजी जमत होती, कपडे जमत होते, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालून पंचवीस-पंचवीस सेंट परत मिळवणे जमत होते. जून महिन्यात तिथे रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. त्या लांबलचक संध्याकाळी मी खिडकीशी बसे आणि विचार करी, की या माणसाचे माझ्यावाचून काय अडते? काहीच नाही. मग राहू देत आणखी तीन वर्षे.

जुलैत एकदा आजींकडे जेवताना बोलता बोलता मी हे म्हणून गेले. "ते इथे सुखी आहेत. घर किती नीट ठेवतात!"

आजींनी काटा खाली ठेवला.

"गेल्या हिवाळ्यात तुझा नवरा माझ्या पाळीच्या आठवड्यातसुद्धा जिना झाडायचा. मी म्हटलं, हे बरोबर नाही, पाटी माझ्या दारावर आहे. तर म्हणाला, घरात बसलो तर कोणी भेटत नाही. जिन्यात निदान येणारंजाणारं माणूस 'नमस्कार' म्हणतं."

माझा घास हातातच राहिला. हिवाळ्यात तिथे पाच वाजायच्या आत अंधार पडतो. त्या अंधारात, स्वच्छ जिना पुन्हा झाडीत उभे असलेले आमचे हे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

त्या रविवारी आम्ही पायऱ्या चढून वरच्या बाकावर जाऊन बसलो. रविवारी तिथे दुकाने बंद. भांडायलाही यापेक्षा शांत जागा मिळायची नाही. मी सरळ विचारले, "फोनवर कधी बोलला नाहीत ते?"

"तू रोज म्हणायचीस, इकडे सगळं ठीक आहे. आईचं, मुलाचं, शाळेचं, सगळं तू एकटीनं निभावलंस. मला वाटलं, आता तिथे माझं काय काम?"

मी हसले आणि मग मला रडू आले. सासूबाई न्हाणीघरात पडल्या ती रात्र, मुलाची राहिलेली फी, गळणारे छत, ह्यांतले मी एक अक्षर सांगितले नव्हते. दीड वर्ष दोघेही एकमेकांना 'सगळं ठीक आहे' अशी खोटी पत्रेच पाठवीत होतो म्हणायचे.

मुदतवाढ ह्यांनी नाकारली. पैशाचा विचार दोघांनी मिळून केला. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागेल, तेही हिशेबात धरले. येत्या मार्चअखेर हे कायमचे परत येतील.

निघताना आजींनी मला केअरवोखेची एक जुनी, कडा झिजलेली पाटी भेट दिली. ती आता आमच्या स्वयंपाकघरात दोन खिळ्यांमध्ये फिरते. हे दिवाळीसाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आले आहेत. काल त्यांनी आमच्या इमारतीचा जिना झाडायला घेतला, तेव्हा झाडणाऱ्या मावशी धावत वर येऊन मला विचारू लागल्या, "बाई, माझं काही चुकलं का?" त्यांची समजूत घालून मी आत आले.

पाटी या आठवड्यात ह्यांच्या खिळ्यावर आहे. चकलीची भाजणी तेच मळणार आहेत.