अँडीज पर्वतातील दुर्मीळ मांजर

पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना या देशांत पसरलेल्या अँडीजच्या पठारावर चार हजार मीटर उंचीला वृक्ष जवळजवळ नाहीतच. खडक, खुरटे गवत, मिठाची विस्तीर्ण सरोवरे आणि बोचरा वारा, एवढेच तेथील वैभव. याच प्रदेशात राखी रंगाचे, झुपकेदार पट्टेरी शेपटीचे अँडियन मांजर राहते. त्याचे वजन जेमतेम चार-पाच किलो. सशासारखा दिसणारा विस्काचा हे त्याचे मुख्य भक्ष्य. आणि विस्काचाला हवी ती झऱ्याकाठची हिरवळ.

आयमारा लोक या मांजराला पवित्र मानतात. तरीही समृद्धीच्या विधींसाठी त्याचे कातडे वापरले जाते. १९९८ साली संशोधक जिम सँडरसन यांनी चिलीतील सुरिरे येथे त्याची छायाचित्रे टिपली. आज प्रौढ मांजरे अंदाजे १,४०० उरली आहेत.

याच पठारावर लिथियम सापडते. सरोवरांखालचे खारे पाणी उपसून, उन्हात आटवून ते काढतात आणि ते फोनच्या बॅटरीतून दूरदेशीच्या दुकानांत पोहोचते. मात्र झरे आटले तर मांजराबरोबर मेंढपाळांचे लामाही तहानेले राहतील. बॅटरीच्या किमतीत हे देणे धरलेले नसते. जमाखर्चात न दिसले तरी ते कोणाला तरी फेडावेच लागते.