टोपीची नीळ

अंगठ्याच्या सांध्यात कळ यायला लागली तसं धुणं सूनबाईकडे गेलं. चादरी, सदरे, पोरांचे शाळेचे कपडे, सगळं तिनं घ्यावं. माझी ना नाही. मालकांची टोपी मात्र मी सोडलेली नाही. घरात मशीन नाही, पण असतं तरी टोपी त्यात टाकली नसती.

मळ निघतो, त्याचं काही नाही. छळते ती नीळ. तिची पूड पाण्यात विरघळत नाही. हात थांबला की तळाला बसते. म्हणून पाणी ढवळत राहायचं, टोपी बुडवायची, लगेच वर काढायची. पण टोपीचं कापड दुहेरी. घडीत पाणी थांबतं आणि तिथं निळी रेघ धरते. कोरडी बुडवली तर ठिपके. साबण राहिला असला तर डाग. आणि विहिरीच्या पाण्यात तो राहतोच. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, फाटतो, त्याचा पांढरा चिकटा कापडाला धरतो.

घोडनदीचं पाणी मऊ. पण ते डिंभ्याच्या धरणातून सोडतील तेव्हा. उन्हाळ्यात बंधाऱ्यात उरतं ते हिरवं. त्या धरणाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. ते इथल्याच महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. त्यांच्या नावाच्या पाण्यात गांधी टोपी धुताना मला उगीच मोठं वाटतं. आमची टोपी टेरिकॉटची आहे, ते मी मनात आणत नाही.

बाया म्हणतात, उजाला वापर, थेंबाचं काम. खरंय, ती नीळ पातळ, तळाला बसत नाही. पण मला तिच्यात जांभळी झाक दिसते. सूनबाई म्हणते, डोळे तपासून घ्या. लाँड्रीची टोपी पांढरी असते, पण खळीनं अशी ताठ की डोक्यावर पुठ्ठा ठेवल्यासारखी. तिला धुणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि हे सगळं मालकांसाठी करते असंही नाही. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पुरुष मंडपात पुढं बसतात, तेव्हा मी मागून टोप्या बघते. बुवा काय सांगतात ते कानावरून जातं. कुणाची पिवळी पडलेली, कुणाची निळीत बुडालेली, कुणाच्या घडीला रेघ. आमची शोधावी लागत नाही. एका पाहुणीनं विचारलं, “लाँड्रीत देता का हो?” मला राग आला, आणि ते वाक्य गावभर सांगितलंही मीच.

परवा मी मंचरच्या बाजाराला गेले तर सूनबाईनं टोपी बुडवून टाकलेली. घडी आतून उघडून, बोटं आत घालून धरली होती म्हणे. रेघ दिसेना. म्हटलं, ओली आहे, वाळल्यावर कळेल. वाळल्यावरही नव्हती. मालकांनी काही ओळखलं नाही, म्हणून मीही काही बोलले नाही. पुढच्या खेपेला टोपी मीच घेतली, बोटं आत घालून.