होडीचे नवे इंजिन

रास अल खैमाच्या खाडीत आमची दोन पोकळ नळ्यांवर तरंगणारी पाँटून होडी ४० अश्वशक्तीवर छान चाले. पण वायव्येचा शमाल वारा समोरून आला की ती पुढे सरकेना. मुलांनी ९० चा हट्ट धरला. आम्ही होडीवरची पाटी दाखवली: कमाल ६०. त्याहून जड इंजिनाने मागची बाजू दबते, वळताना तोल जातो. बसणार तर आजी आणि नातवंडे! म्हणून ६० चेच घेतले, पंखा मात्र कमी पिचचा. वेग थोडा घटतो, पण रेटा वाढतो. नवगावला फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, असे आपली परंपरा सांगते. त्यांच्या लेकरांना सुखरूप परतण्याइतके बळ पुरे.