ऊस आधी, समुद्र नंतर

पुणतांबा

चि. भाचेबाईस,


मॉरिशसला जायचं ठरवलंयस आणि 'समुद्र सोडून तिथे आहे तरी काय?' असं विचारलंयस. माझं म्हणणं थोडं उलटं आहे. तो देश घडला आतल्या उसाच्या रानात, किनारा ही त्याची नुसती कड. उसाची हकिगत माहीत नसेल तर तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी का आणि शाळेत मराठी शिकायची सोय का, याचा उलगडा व्हायचा नाही.

बेटावर मूळची वस्तीच नव्हती. डच १५९८ मध्ये उतरले आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. तोवर डोडो पक्षी संपला होता. मग फ्रेंचांनी गुलाम आणून वसाहत उभी केली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण जमिनी फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहू दिल्या. १८३५ मध्ये गुलामी उठली, तोवर मळेवाल्यांनी पर्याय शोधून ठेवला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोहोचले. पुढच्या सुमारे पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बिहार आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील. ज्वालामुखीचा तो दगड मजुरांनी हातांनी वेचून रान मोकळं केलं. आपल्या नगर जिल्ह्यात ऊसतोडीची उचल घेऊन कोयत्याला बांधलं जाणं काय असतं हे तुला सांगायला नको. तिथे तर घर समुद्रापलीकडे, आणि मळ्याबाहेर पाऊल टाकायला पास लागायचा.

मजूर तर फिजीतही गेले आणि त्रिनिदादलाही. मॉरिशसचं निराळेपण पुढच्या भागात आहे, आणि प्रवासी पुस्तकं नेमका तोच गाळतात. १८८० च्या सुमारास साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या घेतल्या पै-पै साठवलेल्या भारतीयांनी. मजुराच्या नावावर जमीन झाली, मळ्याच्या चाळीबाहेर गाव वसलं, गावात देऊळ आलं, पुढे मतदार आला. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तो या गावांच्या जोरावर. आपल्याकडे १९५० मध्ये प्रवरेला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. तिथे शेताचा तुकडा हाती आला, पण गिरण्या मोठ्या कंपन्यांकडेच राहिल्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तू म्हणशील, ही जुनी गोष्ट, आता तो देश पर्यटनावर चालतो. खरं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी निर्यातीचा नऊ-दशांशाहून मोठा भाग साखरेचा होता, आज तो अगदी थोडा. जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये या बेटाचं भवितव्य फार काळंकुट्ट रंगवलं होतं. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण भाकीत चुकलं. मात्र कापडधंदा आणि हॉटेलं यांत गुंतलेलं देशी भांडवल बरंचसं साखरेतूनच आलं, तेव्हा ऊस मागे पडला तरी पुसला गेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: परदेशात जाऊन आपलीच माणसं कशाला शोधायची? तशी शोधूच नकोस. मराठी घरांतही रोजचं बोलणं तिथल्या क्रिओल भाषेत चालतं. ती मॉरिशसची माणसं आहेत, महाराष्ट्राची शाखा नव्हे. पण चिनी नववर्ष, ईद, तमिळांची कावडी, गणेश चतुर्थी, या सगळ्यांना सुटी देणारं राज्य का जन्माला आलं, ते ऊस पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय गुलामांची बाजू विसरू नकोस. ल मॉर्न डोंगर हा पळून गेलेल्या गुलामांचा आसरा. तो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला, आणि करारबद्ध मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये. दोन्ही पाहा. एकच पाहिलंस तर अर्धीच हकिगत कळेल.

ऊसतोड जून ते डिसेंबर चालते. ऑगस्ट-सप्टेंबरात हवा थंड, चक्रीवादळांची भीती नाही आणि बहुधा गणपतीही त्याच दिवसांत. पोर्ट लुईला आधी घाट बघ, मग पाँप्लमूसच्या बागेजवळच्या जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय. हॉटेल निवडशील तेव्हा या दोन्हींचं अंतर आधी विचारून घे.

तुझा
मामा